नोकरी सोडताना शिल्लक रजेचे पैसे : आपला अनुभव लिहा

गेल्या वर्षी मार्च महिन्यात मी नऊ वर्षांची नोकरी सोडली. फुल अँड फायनलचा, म्हणजे शेवटच्या हिशेबाचा, कागद हातात आला तेव्हा त्यात ग्रॅच्युइटी होती, शेवटच्या महिन्याचा पगार होता, अगदी ओळखपत्राच्या दोरीचे कापून घेतलेले पैसेही होते. मात्र शिल्लक रजेचा रकाना कोरा होता. विचारणा केल्यावर, तुमच्या श्रेणीला पीएलचे, म्हणजे हक्क रजेचे, पैसे मिळत नाहीत, असे तोंडी सांगण्यात आले. घरी येऊन नेमणूकपत्र काढले, तर त्यात नोकरी संपताना साठलेल्या हक्क रजेचे मूळ वेतनाने पैसे दिले जातील असे स्पष्ट वाक्य होते. त्या एका वाक्याची छायाप्रत जोडून तीन पत्रे पाठवली आणि चार महिन्यांनी ३८ दिवसांचे पैसे खात्यात आले. नेमणूकपत्र हरवले असते तर मी काय केले असते, हा प्रश्न तेव्हापासून मनातून जात नाही.

रजा ही आपण आधीच काम करून मिळवलेली असते, आणि तरीही नोकरी सोडताना तिचा हिशेब विचारायला माणसे संकोचतात. म्हणून आपले अनुभव इथे सविस्तर लिहावेत अशी विनंती आहे. नोकरी कोणत्या प्रकारची होती, किती दिवस शिल्लक होते, कोणत्या वेतनावर हिशेब झाला, किती काळ लागला आणि कोणता कागद कामी आला, हे लिहिल्यास इतरांना उपयोग होईल. कंपनीचे, कार्यालयाचे किंवा अधिकाऱ्याचे नाव लिहू नये.

कारखान्यातील फिटर, बारा वर्षे नोकरी

माझ्या खात्यावर २२ दिवस रजा होती आणि तिचे मला ९,५३३ रुपये मिळाले. रक्कम मिळाली म्हणून मी समाधानी होतो आणि सहीही केली. पुढे आमच्या जुन्या युनियनच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने कागद पाहिला आणि विचारले, "हे बेसिकवर का धरले?" माझे बेसिक, म्हणजे मूळ वेतन, १३,००० होते; कंपनीने त्याला ३० ने भागून २२ ने गुणले होते. त्यांनी मला कारखाने अधिनियम, १९४८ मधील कलम ८० वाचून दाखवले. रजेच्या काळातील वेतन हे त्याआधीच्या महिन्यात प्रत्यक्ष काम केलेल्या दिवसांच्या एकूण पूर्णवेळ कमाईच्या रोजच्या सरासरीने काढायचे असते. त्यात महागाई भत्ता धरायचा, ओव्हरटाइम आणि बोनस मात्र वगळायचा. ओव्हरटाइम सोडून माझी त्या महिन्याची कमाई २४,९६० रुपये होती आणि मी २६ दिवस कामावर होतो. म्हणजे रोजचे ९६० रुपये आणि २२ दिवसांचे २१,१२० रुपये.

फरक ११,५८७ रुपयांचा निघाला. कंपनीने आधी सही दाखवली. त्यावर आम्ही साधा अर्ज दिला, त्यात आकडेमोड मांडली आणि कलम ८० चा उल्लेख केला. मोठ्या साहेबांपर्यंत अर्ज गेल्यावर सात आठवड्यांनी फरकाचा धनादेश मिळाला. माझ्यासोबत त्याच महिन्यात कामावरून गेलेल्या दोघांनी अर्ज केला नाही आणि त्यांना फरक मिळाला नाही, याची खंत मला आजही वाटते, कारण त्यांना आग्रह करून सोबत घेणे माझ्या हातात होते.

राज्य शासनाच्या कार्यालयातून निवृत्त लिपिक

आमच्याकडे हक्काबद्दल वाद नव्हता. निवृत्तीच्या वेळी जास्तीत जास्त ३०० दिवसांच्या अर्जित, म्हणजे हक्काच्या, रजेचे रोखीकरण मिळते आणि मूळ वेतन अधिक महागाई भत्ता यांना ३० ने भागून दिवसांनी गुणले की रक्कम निघते, हे आस्थापना शाखेतल्या प्रत्येकाला पाठ असते. ३०० दिवस पूर्ण असतील तर ती रक्कम दहा महिन्यांच्या पगाराएवढी होते. माझा प्रश्न सेवापुस्तकाचा होता.

माझी चार तालुक्यांत बदली झाली होती. त्यांपैकी एका कार्यालयातील सहा वर्षांचा रजा लेखा सेवापुस्तकात भरलेलाच नव्हता. दर १ जानेवारीला आणि १ जुलैला जमा होणारे १५ दिवस त्या सहा वर्षांत कुठेही लिहिलेले नव्हते, आणि त्या काळात मी घेतलेली रजाही लिहिलेली नव्हती. नोंदच नसल्यामुळे तो सगळा काळ शून्य धरावा असा शेरा आला, म्हणजे १८० दिवसांची जमा एका शेऱ्याने जाणार होती. निवृत्तीला तेव्हा पाच महिने उरले होते.

मी त्या जुन्या कार्यालयात सहा वेळा गेलो. इमारत बदललेली होती आणि जुनी दप्तरे तळमजल्यावरच्या खोलीत गठ्ठे करून ठेवलेली होती. तिथल्या शिपायांनी, ज्यांची माझी आधी कधीही ओळख नव्हती, दोन दिवस माझ्याबरोबर बसून हजेरीपट शोधले. हजेरीपटावरून आणि वेतनदेयकांच्या प्रतींवरून मी घेतलेली रजा ६४ दिवसांची निघाली. तसा तक्ता करून कार्यालयप्रमुखांची सही घेतली, मग सेवापुस्तकात नोंदी झाल्या आणि अखेर २७१ दिवसांचे रोखीकरण मंजूर झाले. पैसे निवृत्तीनंतर अकराव्या महिन्यात मिळाले. जे आज पंचेचाळीस-पन्नास वर्षांचे आहेत त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की बदली होताच जुन्या कार्यालयातील रजा लेखा भरून, सही घेऊनच सेवापुस्तक पुढे जाऊ द्यावे, आणि त्या पानाचा फोटो स्वतःजवळ ठेवावा.

नाव न सांगता, एका कारखान्यातून

मला शिस्तभंगाच्या कारवाईत काढून टाकले होते. बडतर्फ माणसाला काहीच मिळत नाही अशी माझी समजूत होती, म्हणून मी रजेबद्दल विचारलेच नाही. कारखाने अधिनियमाच्या कलम ७९ मध्ये बडतर्फीचाही स्पष्ट उल्लेख आहे आणि अशा माणसालाही शिल्लक रजेचे वेतन दुसऱ्या कामाच्या दिवसाच्या आत द्यायचे असते, हे मला दोन वर्षांनी कामगार न्यायालयात दुसऱ्याच कामासाठी गेलो असताना कळले. अर्ज केला आणि १७ दिवसांचे पैसे मिळाले.

सॉफ्टवेअर कंपनीतील माजी कर्मचारी

माझ्या कंपनीच्या पोर्टलवर ४१ दिवस शिल्लक दिसत होते. राजीनामा दिल्याच्या दुसऱ्या दिवशी तेच पोर्टल १५ दिवस दाखवू लागले. धोरणानुसार बाहेर पडताना पंधराच दिवसांचे पैसे मिळतात आणि उरलेली रजा लॅप्स होते, असे एचआरने कळवले. त्या धोरणाची प्रत मागितल्यावर ती माझ्या राजीनाम्याच्या तीन आठवडे आधी बदललेली असल्याचे दिसले. सर्वांना ई-मेल गेला होता, हे खरे आहे. मी तो वाचला नव्हता.

माझ्या बाजूने दोन गोष्टी होत्या. पहिली म्हणजे महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांविषयीचा २०१७ चा कायदा, ज्यात कामगाराला हक्क रजा ४५ दिवसांपर्यंत साठवता येते आणि रजा मागूनही नाकारली गेली असताना त्याने राजीनामा दिला तर त्या रजेचे वेतन मालकाने द्यायचे असते. दुसरी गोष्ट म्हणजे नाकारलेले अर्ज. त्या वर्षात मी चार वेळा रजा मागितली होती. प्रत्येक वेळी प्रकल्पाची तारीख जवळ आली आहे, पुढच्या महिन्यात पाहू, असे उत्तर व्यवस्थापकांनी ई-मेलवर दिले होते. ते चारही ई-मेल मी कार्यालयाचा संगणक परत करण्याआधी छापून घेतले होते. ती मागणी मी कोणाचाही अपमान न करता, तारखा घालून, एका पानात लिहिली. चाळीस दिवसांच्या पत्रव्यवहारानंतर सर्व ४१ दिवसांचे पैसे मिळाले.

ज्यांच्या हातात व्यवस्थापकीय अधिकार असतात त्यांना हा कायदा लागू होत नाही आणि त्यांची सगळी भिस्त नेमणूकपत्रावर व कंपनीच्या धोरणावर असते, हेही लिहून ठेवते, कारण माझ्याच एका वरिष्ठ मैत्रिणीला याच कारणाने नकार मिळाला.

एका कामगाराची पत्नी

माझे यजमान कामावर असतानाच हृदयविकाराने गेले. त्यानंतर कंपनीने भविष्यनिर्वाह निधीचे आणि ग्रॅच्युइटीचे अर्ज स्वतःहून भरून घेतले, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. रजेविषयी मात्र कोणी काही बोलले नाही. माझ्या धाकट्या दिरांनी यजमानांच्या कपाटातून शेवटची पगारचिठ्ठी काढली, तिच्या खालच्या ओळीत पीएल शिल्लक २६ असे छापलेले होते. आम्ही विचारले तेव्हा उत्तर आले की त्यांनी रजा मागितली नव्हती, त्यामुळे तिचे पैसे होत नाहीत.

त्या उत्तराने मला फार दुःख झाले. मुलीच्या बारावीच्या परीक्षेनंतर आठ दिवस गावी जायचे म्हणून ते वर्षभर रजा जपून ठेवत होते. ताप असतानाही कामावर गेलेले मी पाहिले आहे. ती रजा त्यांनी मागितली नाही म्हणून ती नाहीशी झाली, हे मला पटणे शक्यच नव्हते.

गावातील एका वकीलबाईंनी पैसे न घेता पत्र लिहून दिले. कामगाराचा सेवेत मृत्यू झाला तर त्याच्या वारसाला किंवा नामनिर्देशित व्यक्तीला रजेचे वेतन दोन महिन्यांच्या आत द्यायचे असते, असे त्यांनी त्यात नमूद केले होते. वारस म्हणून माझे शपथपत्र, मृत्यूचा दाखला आणि त्या पगारचिठ्ठीची प्रत जोडली. एकूण आठ महिन्यांनी पैसे मिळाले. रक्कम फार मोठी नव्हती. मुलीच्या महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाची फी त्यातून भरली.

धागा सुरू करणाऱ्याकडून

ताई, आपण हे लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. वाचणाऱ्यांसाठी एक खुलासा इथेच करतो. वरील बहुतेक अनुभव जुन्या कायद्यांच्या काळातील आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आहेत. पूर्वी हक्काची रजा मिळण्यासाठी वर्षात २४० दिवस काम लागत असे, ती अट आता १८० दिवसांची आहे. वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस रजा हे प्रमाण तसेच आहे. वेतन संहितेनुसार राजीनामा दिलेल्या माणसाचेही देय वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकते करायचे आहे. सेवेत मृत्यू झाल्यास वारसाला दोन महिन्यांत रजेचे वेतन देण्याची तरतूदही कायम आहे.

केंद्र शासनाची नोकरी सोडलेला

माझी चूक माझ्या घाईची होती. केंद्राच्या एका कार्यालयात मी अकरा वर्षे होतो आणि दुसऱ्या एका शासकीय संस्थेत निवड झाल्यावर फेब्रुवारी २०२० मध्ये राजीनामा दिला. अर्ज उचित मार्गाने, म्हणजे कार्यालयामार्फत, केला असता तर तो तांत्रिक राजीनामा ठरला असता आणि माझी २१२ दिवसांची अर्जित रजा नव्या नोकरीत पुढे गेली असती. मी अर्ज परस्पर केला होता, त्यामुळे तो साधा राजीनामा धरला गेला. केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, १९७२ मधील नियम ३९ नुसार, राजीनामा देणाऱ्याला शिल्लक अर्जित रजेच्या निम्म्या दिवसांचे आणि तेही जास्तीत जास्त १५० दिवसांपर्यंतच पैसे मिळतात. मला १०६ दिवसांचे मिळाले. मूळ वेतन ४७,६०० आणि तेव्हाचा १७ टक्के महागाई भत्ता धरून १,९६,७७८ रुपये. तेवढीच रक्कम एका अर्जाच्या पद्धतीमुळे गेली. ज्यांना एका शासकीय नोकरीतून दुसरीकडे जायचे आहे त्यांनी परीक्षेचा अर्ज भरतानाच कार्यालयाला कळवून त्याची पोच घ्यावी.

बँकेतून राजीनामा दिलेली अधिकारी

निवृत्त होणाऱ्यांनाच हक्क रजेचे पैसे मिळतात, राजीनामा देणाऱ्यांना नाही, असे मला लेखी उत्तर आले होते. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये एका ग्रामीण बँकेच्या राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात, रजेचे रोखीकरण हे वेतनासारखेच असून ती मालमत्ता आहे आणि वैध तरतुदीशिवाय ती हिरावून घेता येत नाही, असा निर्णय दिला. त्याही आधी, २०१३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने झारखंडमधील एका प्रकरणात निवृत्तिवेतन, ग्रॅच्युइटी आणि रजेचे रोखीकरण यांबाबत तसेच म्हटले होते. या दोन निर्णयांचा आधार घेऊन मी पुन्हा अर्ज केला आहे आणि त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही.

लहान कंपनीत एकोणीस वर्षे हिशेब पाहिलेला

मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसत होतो, म्हणून तिकडचे लिहितो. माझ्या पाहण्यात फार थोडे मालक ठरवून कोणाचे रजेचे पैसे बुडवतात. अडचण अशी असते की लेखामानक १५ प्रमाणे साठलेल्या रजेची तरतूद दरवर्षी ताळेबंदात दाखवायला हवी, आणि लहान कंपन्यांत ती केली जात नाही. मग बारा वर्षांचा माणूस एके दिवशी निघतो आणि त्याचे सत्तर-ऐंशी हजार रुपये मालकाला अचानक आलेल्या खर्चासारखे दिसतात. प्रत्यक्षात तो खर्च बारा वर्षे थोडाथोडा होत आलेला असतो. वहीत तो कोणी लिहिलेला नसतो, इतकेच. मी ही तरतूद करायला सुरुवात केली तेव्हा पहिल्या वर्षी नफा कमी दिसला आणि मला बोलणी खावी लागली, पण त्यानंतर कोणाच्याही फुल अँड फायनलला आमच्याकडे पंधरा दिवसांहून जास्त वेळ लागला नाही.

काही वर्षे मी स्वतः रजेचा हिशेब बेसिकवर केला, कारण आधीचा माणूस तसाच करत असे. वर फिटर बंधूंनी लिहिलेले वाचून मला त्या कामगारांचे चेहरे आठवले. त्यांतल्या ज्यांचे पत्ते माझ्याकडे आहेत त्यांना मी कळवणार आहे.

वडिलांच्या वतीने, मुलगी

माझे वडील एका कारखान्यात नऊ वर्षे सफाईचे काम करत होते. फाटक तेच, मुकादम तोच, झाडूही तोच. ठेकेदार मात्र चार वेळा बदलला. प्रत्येक ठेकेदार नवे ओळखपत्र देई आणि रजा शून्यापासून सुरू होई. आधीच्या ठेकेदाराकडे साठलेल्या दिवसांचे पैसे एकदाही मिळाले नाहीत. तेव्हाच्या कारखाने अधिनियमात ठेकेदारामार्फत लावलेला माणूसही कामगारच असे, आणि ठेकेदाराने वेतन दिले नाही तर कंत्राटी कामगारांविषयीच्या १९७० च्या कायद्याप्रमाणे मूळ मालकावर जबाबदारी येत असे, हे मी कॉलेजात शिकले. तोपर्यंत पहिले तीन ठेकेदार कुठे गेले हेही आम्हाला माहीत नव्हते. चौथ्याकडून १३ दिवसांचे पैसे मिळाले. मागील वर्षांचे हजेरी कार्ड वडिलांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले आहेत.

खासगी कंपनीतून निवृत्त, करासंबंधी

मी ३० एप्रिल २०२३ रोजी निवृत्त झालो. वर्षाला ३० दिवस रजा, २४ पूर्ण वर्षांची नोकरी, १८० दिवस शिल्लक आणि दहा महिन्यांचा सरासरी मासिक पगार ९०,००० रुपये, असे मिळून ५,४०,००० रुपये झाले. बिनसरकारी कर्मचाऱ्यांसाठी करमाफीची मर्यादा २००२ मध्ये ठरलेली ३ लाख रुपये होती, म्हणून कंपनीने उरलेल्या २,४०,००० वर कर कापला. पुढे २४ मे २०२३ च्या अधिसूचनेने ही मर्यादा २५ लाख रुपये झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू केली गेली. माझी निवृत्ती त्यात बसत होती. विवरणपत्र भरताना पूर्ण रक्कम करमुक्त दाखवली आणि कापलेला कर परत मिळाला. ही मर्यादा आयुष्यभराची एकत्रित आहे. आधीची नोकरी सोडताना घेतलेली सूट तिच्यातून वजा होते. नोकरीत असताना दरवर्षी रजा विकून घेतलेले पैसे मात्र पूर्ण करपात्र असतात.

औषध कंपनीचा प्रतिनिधी

आमच्यासाठी १९७६ चा वेगळा कायदा होता आणि त्यात कामावरच्या काळाच्या एक-अकरांश इतकी अर्जित रजा असे. वीस दिवसांना एक या हिशेबाने माझी रजा मांडली होती, ती मी दुरुस्त करून घेतली.

नोटीस पीरियडमध्ये रजा वळती केलेला

माझा अनुभव कोणी लिहिलेला नाही, म्हणून लिहितो. मला ६० दिवसांची नोटीस होती आणि नव्या नोकरीसाठी मी २४ दिवस आधी निघालो. योगायोगाने रजाही २४ दिवस शिल्लक होती, म्हणून दोन्हींचे परस्पर फिटेल असे मी गृहीत धरले. हिशेब आला तेव्हा नोटिशीचे २४ दिवस एकूण पगारावर, म्हणजे रोजचे २,००० रुपये धरून, ४८,००० रुपये कापले होते, आणि रजेचे २४ दिवस बेसिकवर, रोजचे ८०० रुपये धरून, १९,२०० रुपये जमा केले होते. एकाच माणसाच्या एका दिवसाची किंमत एकाच कागदावर दोन प्रकारे मांडली होती. मी दोन्ही ओळींखाली रेघ ओढून तो कागद परत पाठवला आणि दिवसाला दिवस वळता करावा अशी मागणी केली. नऊ दिवसांनी सुधारित हिशेब आला. त्यात नोटिशीची कपात शून्य आणि रजेची जमाही शून्य होती, आणि रिलीव्हिंग लेटर त्याच लिफाफ्यात होते.